खानेसुमारी आणि शिरगणती

जनगणना हा शब्द सर्वत्र रूढ होण्यापूर्वी आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी त्याच अर्थाचे दोन शब्द असत: खानेसुमारी आणि शिरगणती. खाना म्हणजे घर, तेव्हा पहिल्या शब्दात घरांची मोजदाद आहे. शिर म्हणजे डोके, तेव्हा दुसऱ्यात माणसांची. बोलण्यात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जात, आणि ज्या मुलखात घर तेथे माणूस असा नियम आहे तेथे त्याने काही बिघडतही नाही. परंतु रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक म्हणून उभे आयुष्य काढताना १९८१, १९९१ आणि २००१ या तीन जनगणनांत प्रगणक म्हणून, आणि २०११ मध्ये पर्यवेक्षक म्हणून, दारोदार हिंडण्याचा जो योग मला आला, त्यात एक गोष्ट माझ्या मनावर ठसत गेली ती ही की, आमच्याकडे खानेसुमारी वेगळी आणि शिरगणती वेगळी. आणि या दोहोंमध्ये जे अंतर पडते ते समजून घेतल्यावाचून या जिल्ह्याची लोकसंख्या कोणालाही समजणार नाही.

तिसरीच्या मुलांना जिल्ह्याचा भूगोल शिकवताना मी फळ्यावर प्रथम दोन उभ्या रेघा काढीत असे. उजवीकडची सह्याद्रीची, डावीकडची समुद्राची. वरच्या अंगाला सावित्रीची बाणकोट खाडी आणि खालच्या अंगाला विजयदुर्गची खाडी काढली की जिल्ह्याची चौकट पुरी होई. क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर, परंतु डोंगरापासून समुद्रापर्यंतची रुंदी साठ-पासष्ट किलोमीटरांच्या आतबाहेर. त्यामुळे घाटमाथ्यावरून उतरलेल्या वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्यांना देशावरच्या नद्यांसारखे पसरायला आणि गाळाचे सपाट मैदान करायला अवकाशच मिळत नाही. त्या धावत येतात, भरतीच्या पाण्याला मिळतात आणि त्यांच्या खाड्या होतात. किनाऱ्याजवळच्या सखल पट्ट्याला आम्ही खलाटी म्हणतो आणि आतल्या उंचसखल मुलखाला वलाटी. या दोहोंच्या दरम्यान जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस या सड्यांवर कोसळतो, पण उतारावरून वाहून जाणारे पाणी समुद्र गाठते आणि सच्छिद्र जांभ्यात मुरलेले फार काळ टिकत नाही. म्हणून ज्या गावात श्रावणात पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडता येत नाही, त्याच गावात वैशाखात बायकांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो.

शेतीचेही तसेच. पऱ्याच्या काठी बांध घालून केलेली चिंचोळी भातखाचरे, आणि वरच्या उतारावर वरकस जमीन, जिच्यात नाचणी किंवा वरी एखाददुसरे वर्ष घ्यायची आणि मग ती विसावा द्यायला सोडून द्यायची. एवढ्या जमिनीवर कुटुंबाला वर्षाचे आठ महिने पुरेल इतके धान्य झाले तर तो शेतकरी सुखवस्तू समजला जाई. त्यातही खोतीच्या अमलात पिकाचा वाटा खोताच्या घरी जाई. १९४९च्या कायद्याने खोती संपुष्टात आली, परंतु तोवर पिढ्यानपिढ्या लागलेली मुंबईची वाट काही मोडली नाही. मौजे म्हणून तलाठ्याच्या दप्तरात ज्याचे एक नाव असते, ते गाव प्रत्यक्षात दहा-पंधरा वाड्यांचे असते: कुणबीवाडी, गुरववाडी, सुतारवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला, आणि सह्याद्रीच्या अगदी कुशीत धनगरवाडा. एका वाडीतून दुसरीत जायला मध्ये टेकडी असते, पऱ्या असतो, त्यावर साकवाचा पूल असतो. ज्याने अशा गावाची गणती केली आहे त्याला पायाखालच्या जमिनीचा विसर पडणे शक्य नाही.

१९८१च्या फेब्रुवारीत माझ्या वाट्याला संगमेश्वर तालुक्यातील एका मौजाच्या सहा वाड्या आल्या. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा अस्तित्वात आलेला नव्हता. तो १ मे १९८१ रोजी, म्हणजे आमची गणती संपल्यावर दोनच महिन्यांनी वेगळा झाला, आणि म्हणून अखंड रत्नागिरी जिल्ह्याची ती अखेरची जनगणना ठरली. ९ ते २८ फेब्रुवारी हे गणतीचे दिवस आणि १ मार्चचा सूर्योदय हा तिचा क्षण. आदल्या वर्षी घरयादी करताना चौकटींवर गेरूने घातलेले क्रमांक पावसाने पुसट झाले होते. ते शोधीत, कागदांची पिशवी खांद्याला अडकवून, शाळा सुटल्यावर मी निघत असे आणि कंदील लागेपर्यंत लिहीत असे.

त्या सहा वाड्यांतल्या शेवटच्या वाडीत, साकव ओलांडल्यावर पहिलेच घर लागे. पडवीत एक पन्नाशीची बाई सुपात नाचणी पाखडीत बसली होती. मला पाहून तिने सूप बाजूला ठेवले, ओटीवर घोंगडी अंथरली, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणून दिला आणि ती उंबऱ्याशी टेकली. “घरात माणसे किती, काकी?” असे मी विचारताच ती अंगठ्याने बोटांची पेरे मोजू लागली. प्रत्येक पेराशी ती थांबे, एक नाव घेई, आणि मगच पुढच्या पेरावर जाई. नवरा, थोरला मुलगा, मधला, धाकटा, थोरल्याची बायको, तिचा चार वर्षांचा पोर, आणि सर्वांच्या शेवटी स्वतः. सात माणसे झाली. मग मी नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न केला, आणि कळले की नवरा आणि तिन्ही मुलगे मुंबईस परळला आहेत, गणपतीनंतर गेले ते शिमग्याला येतील. नियम असा की, गणतीच्या सबंध अवधीत जो इसम घरी नाही, त्याची नोंद त्या घरी करायची नाही. तो जेथे आढळेल तेथे त्याची नोंद होईल. मी तीन माणसे लिहिली.

तिला अक्षरओळख नव्हती, परंतु मी किती ओळी भरल्या हे तिने बरोबर पाहिले होते. “आनि बाकीचे, गुरुजी?” तिने विचारले. ते तिकडे मुंबईत लिहिले जातील, असे मी सांगितले. त्यावर ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “तिकडं त्यांचा घर हाय कुठं?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, कारण तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींत, गावाच्या नावाने घेतलेली एकेक खोली असे. दहा-बारा फुटांच्या त्या खोलीत एकाच गावचे वीसवीस पुरुष गिरणीच्या पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत, भिंतीला प्रत्येकाची ट्रंक असे, जेवण खानावळवालीकडे, आणि महिनाअखेर पगारातून वेगळे काढलेले पैसे मनीऑर्डरीने गावी रवाना होत. गावात तो इसम दिसत नसे, पण त्याच्या नावाने सातबारा असे, देवळात त्याच्या घराण्याचा मान असे, पालखीच्या खांद्याची त्याची पाळी ठरलेली असे, आणि घरातली चूल त्याच्या पैशावर पेटत असे. मुंबईत त्याचे शिर मोजले जाई, पण खाना गावीच राही. त्या दिवशी कागदावर तीन हा आकडा लिहून मी उठलो तेव्हा मी काही चूक केली नव्हती. तरीही परत येताना साकवावर थांबून मी ती पिशवी बराच वेळ पोटाशी धरून उभा होतो हे मला आजही स्पष्ट आठवते.

दहा वर्षांनी १९९१ साली कालगणनेने असा काही योग जुळवून आणला की तो प्रश्न माझ्यापुढे नव्याने उभा राहिला. त्या वर्षी होळी पौर्णिमा नेमकी २८ फेब्रुवारीस आली. म्हणजे फाकपंचमीपासून पुढचा सारा शिमगा गणतीच्या दिवसांतच पडला, आणि एरवी जी गावे फेब्रुवारीत म्हातारी माणसे, बायका आणि मुले यांच्याच आवाजाने जागी असत ती चाकरमान्यांनी भरून गेली. एस.टी.च्या जादा गाड्यांतून मंडळी उतरत होती. ग्रामदेवतेची पालखी रुपी लावून सहाणेवर बसली होती, ढोल वाजत होते, ज्या ओट्यांवर मी दहा वर्षांपूर्वी एकटा बसून लिहिले होते तेथे पाय ठेवायला जागा नव्हती. मला पाहून माणसे हौसेने पुढे येत: “लिहा गुरुजी, आज सगळी हजर आहोत.” आणि मला त्यांना विचारावे लागे की, ९ तारखेपासून आजवर मुंबईच्या खोलीवर एखादा दिवस तरी होता की नाही. तो बहुधा प्रत्येकजण होताच. मग त्याची नोंद मुंबईची, इथली नाही. होळीच्या रात्री, गावात वर्षातली सर्वांत अधिक माणसे असताना, माझ्या कागदावरचा आकडा मात्र ऐन माघातल्या सुन्या गावाचाच राहिला. दुसऱ्या दिवशी, गणतीचा क्षण म्हणून ठरलेल्या १ मार्चच्या सूर्योदयाला, मी होळीच्या गरम राखेजवळ उभा होतो आणि आसपास शंभर-दीडशे माणसे होती. त्यांपैकी निम्मी माझ्या लेखी तेथे नव्हती.

नियमाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये आणि कोणी सुटू नये, यासाठी असा काहीतरी नियम हवाच, आणि कोट्यवधी लोकांच्या देशात तो सर्वत्र सारखाच असायला हवा. माझे म्हणणे एवढेच की, आकडा ज्या नियमाने जन्मतो तो नियम माहीत असल्याशिवाय आकडा वाचू नये. २००१च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया आढळल्या. २०११ मध्ये १,१२२. सबंध महाराष्ट्राचे प्रमाण त्या वेळी ९२९ होते. एका सभेत एका विद्वान वक्त्याने हे आकडे वाचून रत्नागिरीकरांचे अभिनंदन केले, की मुलीच्या जन्माचे स्वागत करावे ते तुम्हीच. टाळ्या झाल्या. परंतु सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचा आकडा त्याच कोष्टकात पुढे दिलेला असतो, आणि तेथे मुलींचे प्रमाण हजाराच्या खालीच आहे. म्हणजे आमच्याकडे मुली अधिक जन्मतात असे नाही. मुलगे वयात आले की जातात, आणि बाया राहतात. तो १,१३६ आकडा स्त्रियांच्या सुखाचा नाही, पुरुषांच्या गैरहजेरीचा आहे. आवणाची राब भाजणे, चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी, गुरे, पाणी, म्हाताऱ्यांचे आजारपण, बँकेत अंगठा, तलाठ्याकडे खेप, हे सारे ज्यांच्या माथ्यावर पडले त्यांची संख्या तो सांगतो, आणि या दृष्टीने तो जिल्ह्याच्या इतिहासातला सर्वांत बोलका आकडा आहे.

१९८१च्या त्या गणतीनंतरच्या वर्षांत जे बदलले ते याहून खोल होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांपैकी कोकणातले किती होते हे आमच्या शाळेच्या हजेरीपटावरही दिसले, कारण त्या पावसाळ्यात मुंबईच्या शाळांचे दाखले घेऊन मुले आमच्याकडे येऊ लागली. बाप खाचरात उतरले, काही काळ गाव भरल्यासारखे झाले. परंतु खाचर काही मोठे झालेले नव्हते. हळूहळू माणसे पुन्हा गेली, आणि आता जाताना एकटी गेली नाहीत. पूर्वी पुरुष जाई आणि चूल मागे राही. नंतर चूलच उचलली गेली, नालासोपाऱ्याला, दिव्याला, डोंबिवलीला. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि जाणे-येणे सुलभ झाले तसे जाणेही सुलभ झाले.

२०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ भरली. ती दहा वर्षांपूर्वी १६,९६,७७७ होती. ८१,७०८ माणसे कमी झाली. कमी मुले जन्माला येणे हे त्याचे एक कारण खरे, पण एकमेव नव्हे. महाराष्ट्रात त्या दशकात ज्यांची लोकसंख्या घटली असे जिल्हे तीनच: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. हे तिसरे नाव पाहून मी थबकलो. ज्या परळ-लालबागच्या खोल्यांत आमची माणसे मोजली जात होती त्या खोल्याही आता रिकाम्या होत होत्या, आणि ज्या ओट्यांवरून ती गेली होती ते ओटेही. दोन्ही टोकांची माणसे उपनगरांच्या चाळींत आणि इमारतींत जाऊन मिळाली होती.

त्या वर्षी पर्यवेक्षक म्हणून मी सहा प्रगणकांच्या कामाची तपासणी करीत होतो. एक तरुण शिक्षिका माझ्याकडे शंका घेऊन आली की, घराला कुलूप आहे, परंतु अंगण सारवलेले आहे आणि तुळशीपुढे पणतीची काजळी दिसते. हे घर रिकामे लिहावे की कुलूपबंद? मी तिच्याबरोबर गेलो. ती वाडी माझ्या ओळखीची होती. साकवाच्या जागी आता सिमेंटचा पूल होता आणि पहिल्याच घराला कुलूप होते. शेजारच्या पडवीत एक म्हातारी बसलेली आढळली. तिच्या पाठीमागे खांबाला खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेक किल्ली, ओळखीसाठी वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधून, टांगलेली होती. मी मोजल्या, अकरा होत्या. सोमवारी एक, मंगळवारी दुसरे असे करीत ती ही अकरा घरे उघडी, झाडून काढी, देवापुढे दिवा लावी आणि पुन्हा बंद करी, कारण बंद घराला वाळवी लागते आणि गणपतीला माणसे आली म्हणजे त्यांना कोळिष्टके दिसू नयेत. मोबदला म्हणून कोणी चहापावडर आणी, कोणी लुगडे. “साकवाकडच्या घरची किल्ली कोणती?” मी विचारले. तिने निळ्या चिंधीची दाखवली आणि म्हणाली, काकी जाऊन सहा वर्षे झाली, मुलगे येतात गणपतीला. त्या वाडीत त्या दिवशी शिक्षिकेने जी माणसे नोंदली त्यांत शिरगणती चौदाची झाली. त्यांतली दोन आंब्याच्या बागेची राखण करणारी नेपाळी मंडळी होती, आणि नियमाप्रमाणे ती आमच्या गावची लोकसंख्या ठरली. त्यात मला काहीच खटकले नाही. ज्यांनी बागेला पाणी घातले ती गावची माणसे झाली हे योग्यच आहे. खटकले ते एवढेच की, त्यांना “कोठून आलात, का आलात, किती वर्षे झाली” हे विचारायला आमच्या पत्रकात रकाने होते, परंतु त्या अकरा किल्ल्यांच्या मालकांबद्दल “कोठे गेले, का गेले, परत येणार का” हे विचारायला एकही रकाना नव्हता. जो आला त्याची चौकशी होते, जो गेला त्याची होत नाही. आमच्यासारख्या जिल्ह्याला नेमकी त्याच दुसऱ्या चौकशीची गरज आहे. कारण शाळेचा पट दहाच्या खाली का गेला, आरोग्य केंद्रात म्हातारी माणसेच का येतात, पडीक खाचरांचे बांध का फुटले, या सर्व प्रश्नांची उत्तरे गेलेल्यांपाशी आहेत.

२०११ सालीच मी निवृत्त झालो. जनगणनेत कळलेली कोणाची माहिती बाहेर सांगायची नाही हे बंधन १९४८च्या अधिनियमाने आमच्यावर घातलेले आहे, आणि ते मी पाळले आहे. म्हणून या लेखात कोणाचे नाव नाही. परंतु गावाने आपल्या माणसांची नोंद आपल्या संमतीने आपण ठेवावी, याला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. निवृत्तीनंतर मी माझ्या वाडीत अशी एक वही सुरू केली. दरवर्षी गणपतीत, आरती झाल्यावर, ज्या घरची मंडळी आली असतील त्यांनी स्वतःच्या हाताने तीत लिहायचे: घरचे कोण कोठे आहे, काय काम करतो, मुले कोणत्या शाळेत आहेत, आणि गावच्या जमिनीचे पुढे काय करण्याचा विचार आहे. पहिल्या वर्षी चार घरांनी लिहिले. आता बहुतेक सारी लिहितात, आणि दोन घरांनी तर “परत येऊन काजू लावणार” असे लिहून तसे केलेही आहे.

२०२१ची जनगणना लांबणीवर पडली आणि पुढच्या गणतीसाठी आता १ मार्च २०२७ची मध्यरात्र ठरली आहे. शिमगा त्यानंतरच येणार, तेव्हा आमची गावे पुन्हा सुनीच मोजली जातील. जे तरुण गुरुजी आणि बाई पिशवी घेऊन निघतील त्यांना माझे सांगणे आहे की, नियमाप्रमाणेच लिहा, एक माणूसही इकडचा तिकडे करू नका. परंतु कुलूप दिसले म्हणून पुढे जाऊ नका; शेजारच्या पडवीत बसा, पाणी मागा आणि विचारा. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला माझी विनंती आहे की, सरकारी पत्रकात ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी आपली एक वही ठेवावी. शंभर पानांची वही पुरते. पहिल्या पानावर गावाचे नाव लिहावे आणि येत्या गणपतीपासून सुरुवात करावी.